एचआयव्हीचे पहिले महिने आणि मेंदू

एचआयव्ही हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र तोच विषाणू मेंदूतही शिरतो, आणि हा शिरकाव आजार बळावल्यावर, म्हणजे एड्सच्या अवस्थेत नव्हे, तर संसर्गानंतर अवघ्या काही आठवड्यांत होतो, ही गोष्ट वैद्यकवर्तुळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही. लक्ष एकाग्र करणे, नवी माहिती ध्यानात ठेवणे, हातातल्या कामाची आखणी करणे, मोहाला आवर घालून निर्णय घेणे, या साऱ्या क्षमतांना मिळून बोधनक्षमता म्हणतात. तिच्यावर या सुरुवातीच्या संसर्गाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न अवघड आहेच. पण ज्यांना एचआयव्ही मादक द्रव्ये टोचून घेण्याच्या सुईतून होतो, त्यांच्या बाबतीत तो अधिकच बिकट होतो, कारण त्यांच्या मेंदूवर विषाणूच्या आधीपासून आणि त्याच्या जोडीने त्या द्रव्याचाही अंमल चाललेला असतो. अशा माणसाचे विसरणे, अडखळणे, वेळ चुकवणे हे सगळे सरसकट 'नशेमुळे' असे समजून सोडून दिले जाते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी उपचाराची सर्वांत मोलाची वेळ हातची निघून जाते.

विषाणू मेंदूत किती लवकर पोहोचतो याचा पहिला ठोस पुरावा एका दुर्दैवी वैद्यकीय अपघातातून मिळाला. एका वृद्ध रुग्णाला तपासणीच्या वेळी चुकून एचआयव्हीबाधित पांढऱ्या पेशी शिरेतून दिल्या गेल्या, तो पंधरा दिवसांनी मरण पावला आणि त्याच्या मेंदूत विषाणू सापडला; १९९२ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर वीस वर्षांनी थायलंडमधील बँकॉक येथे झालेल्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट केले. तेथे संसर्ग होऊन जेमतेम काही दिवस वा आठवडे झालेल्या व्यक्ती शोधून काढल्या जातात, म्हणजे ज्या काळात एचआयव्हीची नेहमीची प्रतिपिंड-चाचणी अजून नकारात्मकच येते अशा काळातल्या व्यक्ती. त्यांच्या मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, ज्याला बोलीभाषेत 'मणक्यातले पाणी' म्हणतात, तो तपासला असता बहुसंख्यांच्या द्रवात विषाणू आढळला, आणि सर्वांत लवकर तो संसर्गानंतर अंदाजे आठव्या दिवशी दिसला.

विषाणू मेंदूत जातो तो बहुधा पेशींवर स्वार होऊन. रक्तातील द्रव्ये सहजासहजी मेंदूत झिरपू नयेत म्हणून तेथल्या केशवाहिन्यांच्या भिंती विशेष घट्ट असतात. या अडसरातून संसर्गित लसिकापेशी आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत जातात आणि विषाणू सोबत नेतात. आत गेल्यावर तो चेतापेशींना, म्हणजे विचार वाहून नेणाऱ्या पेशींना, संसर्ग करत नाही. त्याचे मुख्य घर असते मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील राखणदार पेशी, आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज पेशी. या पेशी चेतावल्या की दाह निर्माण करणारी रसायने सोडतात, तसेच विषाणूचे 'टॅट' आणि 'जीपी१२०' यांसारखे प्रथिनांश बाहेर पडतात, आणि या दोहोंच्या माऱ्याने शेजारच्या चेतापेशींचे परस्परांना जोडणारे तंतू झिजतात. मेंदूच्या खोल भागातील ज्या केंद्रांतून हालचालींचा वेग, प्रेरणा आणि सवयी यांचे नियमन होते, आणि ज्यांचे काम डोपामीन या रसायनावर चालते, त्यांना ही झीज विशेष जाणवते. डोपामीनवर चालणारी हीच केंद्रे मादक द्रव्यांचेही लक्ष्य असतात, ही बाब पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा येणार आहे.

बँकॉकच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, नव्याने संसर्ग झालेल्या १३९ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना चेतासंस्थेशी निगडित काही ना काही लक्षण होते. सुमारे एकतृतीयांशांना लक्ष, स्मरण वा विचार यांत अडचण जाणवत होती आणि जवळजवळ तितक्याच जणांत हालचालींचा दोष होता. यांतील बहुतेक लक्षणे सौम्य होती, आणि विषाणूरोधी औषधे, म्हणजे एआरटी, सुरू झाल्यावर एका महिन्यात त्यांतील बहुसंख्य ओसरली. या निष्कर्षात धास्ती आणि दिलासा दोन्ही आहेत, आणि दिलासा अधिक वजनदार आहे. मात्र या अभ्यासातील बहुतेक सहभागी समलैंगिक संबंधांतून बाधित झालेले पुरुष होते. सुईतून बाधित झालेल्यांबद्दल काय म्हणता येईल, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडकडे वळावे लागते.

एडिंबरा शहरात १९८०च्या दशकाच्या आरंभी हेरॉइनची लाट आली. पोलिसांची कारवाई कडक होती, सुया-सिरिंजा विकत मिळणे दुरापास्त झाले होते आणि जवळ बाळगलेल्या जप्त होत होत्या. परिणामी एकच सिरिंज अनेकांच्या हातून फिरू लागली. शहराच्या म्यूरहाऊस या गरीब वस्तीत काम करणारे डॉक्टर रॉय रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे येणाऱ्या १६४ हेरॉइन-वापरकर्त्यांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा ५१ टक्के बाधित निघाले. १९८६ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटन हादरले. हेपटायटिस तपासण्यासाठी पूर्वी घेतलेले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते, आणि त्यांवरून विषाणू शहरात १९८३च्या सुमारास शिरला असावा हे मागाहून कळले. या दुर्घटनेतून विज्ञानाच्या हाती एक दुर्मीळ गोष्ट आली: अनेकांच्या संसर्गाचा काळ बऱ्यापैकी अचूक सांगता येऊ लागला. एचआयव्हीच्या इतर बहुतेक रुग्णांत तो नेमका सांगता येत नाही, आणि तो कळल्याशिवाय 'सुरुवातीचा संसर्ग' या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

या शहरातील काही बाधित तरुण एड्स होण्यापूर्वीच अतिमात्रेने वा अन्य कारणांनी मरण पावले. एडिंबरा विद्यापीठातील मेंदू-विकृतिशास्त्रज्ञ जीन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेंदूंची अनेक वर्षे बारकाईने तपासणी केली. लक्षणे दिसण्यापूर्वीच्या अवस्थेतील मेंदूंत विषाणूचा जोरदार फैलाव नव्हता, पण मेंदूच्या आवरणांत आणि रक्तवाहिन्यांभोवती लसिकापेशी गोळा झालेल्या दिसत होत्या आणि मायक्रोग्लिया चेतावल्या होत्या. म्हणजे आजाराने अजून चाहूलही दिलेली नसताना आत दाह सुरू झाला होता. एड्सच्या अवस्थेत मरण पावलेल्यांची तुलना केली असता, समलैंगिक पुरुषांपेक्षा इंजेक्शनने मादक द्रव्ये घेणाऱ्यांत एचआयव्हीजन्य मेंदूदाह स्पष्टपणे अधिक आढळला. पुढे याच गटाने, ज्यांना एचआयव्ही नव्हताच अशा तरुण अफूवर्गीय व्यसनींचेही मेंदू तपासले, आणि त्यांतही चेतावलेल्या मायक्रोग्लिया व 'टाउ' या प्रथिनाचे वयाला न शोभणारे साठे दिसले. हे साठे एरवी वार्धक्यात आणि अल्झायमरमध्ये दिसतात. विषाणू शिरला त्याआधीच या मेंदूंत दाहाची जमीन तयार झालेली असावी, असा या दोन निष्कर्षांचा एकत्रित अर्थ आहे.

प्रयोगशाळेतील कामही याच दिशेने बोट दाखवते. मॉर्फिन, हेरॉइन यांसारखी द्रव्ये ज्या ग्राहींना, म्हणजे पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट रेणूंना, चिकटून परिणाम करतात, ते ग्राही चेतापेशींपुरते मर्यादित नसून मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींवरही असतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात कर्ट हाउझर यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, विषाणूचे टॅट प्रथिन आणि मॉर्फिन एकत्र असताना चेतापेशींच्या तंतूंवरील सूक्ष्म काटे, ज्यांच्याद्वारे एक पेशी दुसरीशी संवाद साधते, अधिक प्रमाणात नष्ट झाले. मॉर्फिनमुळे विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारा सीसीआर५ हा ग्राही वाढतो, असेही पेशींवरील अभ्यासांत दिसले आहे. मेथॅम्फेटामीन, कोकेन यांसारख्या उत्तेजकांची वाट वेगळी, ती थेट डोपामीनच्या यंत्रणेला इजा करतात. पण शेवटी आघात होतो तो त्याच खोल केंद्रांवर.

एवढे पुरावे वाचल्यावर विषाणू आणि द्रव्य मिळून बुद्धी झपाट्याने खच्ची करत असतील, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण माणसांवरील चाचण्या तो मोह आवरायला लावतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९८८ मध्ये इंजेक्शनने द्रव्ये घेणाऱ्यांचा एक मोठा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्या काळातील तपासण्यांत, लक्षणे नसलेले बाधित आणि अबाधित वापरकर्ते यांच्यातील फरक लहानच निघाला, आणि दोन्ही गटांची कामगिरी सर्वसामान्य लोकसंख्येच्या अपेक्षित पातळीहून मात्र कमी होती. अर्धवट सुटलेले शिक्षण, अनेकदा झालेली अतिमात्रा, जिच्यात श्वास मंदावून मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो, डोक्याला झालेल्या इजा, दारू, नैराश्य, तुरुंगवास, आणि सुईतूनच येणारा हेपटायटिस सी, जो स्वतःही विचारांचा वेग मंदावतो, एवढी सारी कारणे एकाच व्यक्तीत एकवटलेली असताना त्यांतून विषाणूचा वाटा वेगळा काढणे फार कठीण असते. २००७ मध्ये निश्चित झालेल्या आणि फ्रास्काती निकष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गवारीनुसार एचआयव्हीजन्य बोधनदोषाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात: केवळ चाचणीतच दिसणारा, दैनंदिन व्यवहारात सौम्य अडथळा आणणारा आणि स्मृतिभ्रंशाची पातळी गाठणारा. पण हे निदान करताना इतर कारणे वगळावीत अशी अट आहे. ही अट शास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला की चालू नशा करणाऱ्यांना अनेक अभ्यासांतून सुरुवातीलाच बाजूला काढले गेले, आणि ज्यांना धोका सर्वांत जास्त त्यांच्याविषयीचे ज्ञान सर्वांत तुटपुंजे राहिले. ही उणीव केवळ संशोधनाच्या कागदांपुरती राहत नाही, ती दवाखान्यातल्या वागणुकीत उतरते.

औषधोपचारांच्या युगात स्मृतिभ्रंशाची तीव्र अवस्था दुर्मीळ झाली आहे. अमेरिकेतील चार्टर या अभ्यासात १,५५५ एचआयव्हीबाधितांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत काही ना काही बोधनदोष आढळला, पण स्मृतिभ्रंश सुमारे २ टक्क्यांतच होता. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष सुरुवातीच्या काळाचे महत्त्व सांगतो: ज्यांच्या सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सूत्रधार पेशी, पूर्वी केव्हातरी फार खाली गेल्या होत्या, त्यांच्यात बोधनदोषाचे प्रमाण अधिक होते, मग त्या पुढे भरून आलेल्या असोत वा नसोत. उलट बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये ज्याचे निकाल जाहीर झाले त्या स्टार्ट या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या एका उपअभ्यासात, सीडी४ अजून चांगल्या असतानाच औषध घेणारे आणि थांबून घेणारे यांच्या बोधनचाचण्यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. त्यातील सहभागींचा संसर्ग मात्र अगदी ताजा नव्हता, म्हणून पहिल्या आठवड्यांबद्दल ही चाचणी फारसे सांगू शकत नाही.

हा दोष प्रत्यक्षात दिसतो कसा, हे एका साध्या चाचणीवरून ध्यानात येते. आंतरराष्ट्रीय एचआयव्ही स्मृतिभ्रंश मापनश्रेणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला साधनसामग्री लागत नाही आणि पाचेक मिनिटे पुरतात. तपासणारा आधी चार शब्द सांगतो आणि ते नंतर विचारले जातील असे बजावतो. मग कमी वापरातल्या हाताची पहिली दोन बोटे जितकी ताणता आणि जितक्या वेगाने आपटता येतील तितकी पाच सेकंद आपटायची. त्यानंतर टेबलावर मूठ आवळून ठेवायची, मग तळवा पालथा पसरायचा, मग हात करंगळीच्या कडेवर उभा धरायचा, आणि हाच क्रम दहा सेकंद पुन्हा पुन्हा करायचा. शेवटी ते चार शब्द आठवून सांगायचे. बारापैकी दहा वा त्याहून कमी गुण पडले तर सविस्तर तपासणी हवी असे समजतात. निरोगी माणूस हातांचा क्रम दोनतीन फेऱ्यांत लयीत करू लागतो. खोल केंद्रे मंदावलेला माणूस मुठीनंतर पुन्हा मूठच ठेवतो, थबकतो, क्रम काय होता ते आठवत राहतो. सौम्य दोष मात्र या चाचणीतून निसटतात, आणि सुरुवातीच्या काळात असतो तो बहुधा सौम्य दोषच.

त्याहून सूक्ष्म गोष्टी वेगळ्या चाचण्यांत उमटतात. पत्त्यांच्या चार गड्ड्यांतून पाने उचलायची, ज्यांपैकी दोन गड्ड्या झटपट मोठा लाभ देतात पण अखेरीस तोट्यात नेतात आणि दोन थोडे देतात पण टिकवून देतात, अशी एक चाचणी १९९०च्या दशकात आयोवा येथे तयार झाली. शिकागोमधील आयलीन मार्टिन यांच्या गटाने द्रव्ये वापरणाऱ्यांवर ती वापरली, तेव्हा बाधितांनी अबाधितांपेक्षा नुकसानीच्या गड्ड्या अधिक निवडल्या. ठरलेले काम ठरलेल्या वेळी आठवणे, ज्याला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात, तीही बाधितांत कमजोर आढळते. औषधाची गोळी वेळेवर घेणे, रक्ततपासणीची तारीख पाळणे, समोर वापरलेली सुई असताना आणि अंगात ओढ उसळलेली असताना नवी सुई आणायला उठणे, ही सारी कामे नेमक्या याच क्षमतांवर अवलंबून असतात. संसर्ग ताजा असताना रक्तातील विषाणूचे प्रमाण कमालीचे असते, त्यामुळे अशा वेळी केलेली एक चुकीची निवड आणखी कोणाला तरी बाधित करू शकते.

भारतात हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे मणिपूरमध्ये उभा राहिला. म्यानमारच्या सीमेवरून येणारे आणि तेथे 'नंबर फोर' म्हणून ओळखले जाणारे हेरॉइन तरुणांच्या हातात होते. १९८९ मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तपासणीत एचआयव्ही दिसत नव्हता, आणि १९९०च्या सुमारास, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, त्यांतील निम्मे बाधित झालेले आढळले. इतक्या वेगाने फैलाव होतो तेव्हा एका अख्ख्या पिढीचा 'सुरुवातीचा संसर्ग' एकाच वेळी चालू असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक द्रव्ये टोचून घेतात, आणि २०१७ च्या पाहणीत त्यांच्यातील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ६.३ टक्के, म्हणजे सर्वसाधारण प्रौढांमधील प्रमाणाच्या पंचवीस पटींहून अधिक होते. महाराष्ट्राचा अनुभव थोडा वेगळा आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरलेला गर्द हा हेरॉइनचाच प्रकार, ज्याच्या विळख्यातून तरुणांना सोडवण्यासाठी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, मुख्यतः ओढला जात असे, त्यामुळे सुईतून होणारा फैलाव येथे ईशान्येइतका झाला नाही.

भारतातील बहुसंख्य संसर्ग 'सी' या उपप्रकाराच्या विषाणूचे आहेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की या उपप्रकाराच्या टॅट प्रथिनात एका जागी नैसर्गिक बदल असतो आणि त्यामुळे ते मोनोसाइट पेशींना तितके जोरात ओढून घेऊ शकत नाही. त्यावरून भारतीय रुग्णांचे मेंदू बरेचसे सुरक्षित असतील अशी आशा निर्माण झाली. पुढे चेन्नई आणि पुणे येथील अभ्यासांत बोधनदोष आढळलेच, त्यामुळे ती आशा जपून धरावी लागते. शिवाय मणिपूरच्या इंजेक्शन घेणाऱ्यांत 'सी'बरोबर 'बी' हा थायलंडकडचा उपप्रकार आणि दोहोंची सरमिसळ झालेले विषाणूही फिरतात, म्हणून त्यांना ती आशा सरळ लागू करता येत नाही. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत अमेरिकी सहकाऱ्यांसह झालेल्या कामाचे मोल वेगळेच आहे. शब्दस्मरण, शब्दओघ यांच्या चाचण्या इंग्रजीतून उचलून भारतीय रुग्णापुढे ठेवल्या तर त्या मेंदूपेक्षा शाळाच अधिक मोजतात. पुण्यात त्या मराठी-हिंदीत बसवून निरोगी लोकांवर आजमावल्या गेल्या, आणि मराठी-हिंदी द्वैभाषिकतेचा चाचणीतील कामगिरीवर काय परिणाम होतो याचाही स्वतंत्र अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक मापदंड नसतील तर कमी शिकलेल्या माणसाला सहज 'बोधनदोष' चिकटवला जातो, किंवा खरा दोष अशिक्षितपणाच्या नावावर खपून जातो. मणिपुरी, मिझो आणि पंजाबीतही असेच काम होणे अत्यंत गरजेचे आहे.

उपचारांची चौकट आज बऱ्यापैकी उपलब्ध आहे. २०१७ पासून भारतात बाधित आढळलेल्या प्रत्येकाला, सीडी४ कितीही असोत, एआरटी देण्याचे धोरण आहे. त्याच वर्षीचा एचआयव्ही-एड्स कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, स्वच्छ सुया पुरवण्यासारख्या धोका कमी करणाऱ्या उपायांना कायदेशीर संरक्षण देतो. आणि ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी रोज देखरेखीखाली देऊन सुईची गरजच कमी करणारी केंद्रे चालतात. उणीव आहे ती वेळेची आणि रचनेची. ज्या आठवड्यांत मेंदूतला दाह औषधाला सर्वाधिक दाद देतो, त्या आठवड्यांत असा माणूस क्वचितच तपासणीला येतो, कारण पोलिसांची भीती आणि दवाखान्यातील तुच्छतेची नजर त्याला दूर ठेवते. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यांची तपासणी वारंवार आणि सुईकेंद्रातच व्हायला हवी. बाधित आढळला की त्याच दिवशी औषध सुरू व्हावे. एआरटीची दिवसाची एक गोळी ब्युप्रेनॉर्फिनच्या खिडकीवरच, त्याच परिचारिकेसमोर द्यावी, म्हणजे आठवण ठेवण्याचा भार ज्याची स्मृती मंदावली आहे त्याच्यावर पडणार नाही. सूचना एका वेळी एकच द्यावी, ती त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावी, आणि तारीख चुकलेल्या रुग्णाच्या कागदावर 'बेशिस्त' असा शेरा मारण्याआधी त्याला टेबलावर हात ठेवायला सांगून तो मूठ, तळवा, कड हा क्रम करून घ्यावा. सगळी चाचणी केली तरी पाचच मिनिटे लागतात.